हजार टँकर, एक ग्रॅम आणि पंधरा खासदार

पाण्याचा टँकर डोळ्यांसमोर आणा. मे महिन्यात सोसायटीच्या गेटातून उलटा आत शिरणारा, मागच्या नळातून रस्ताभर गळत आलेला, दहा हजार लिटरचा. असे एक हजार टँकर एकामागे एक लावले तर पहिला स्वारगेटला आणि शेवटचा हडपसरच्या आसपास उभा राहील. आता एक ग्रॅम कीटकनाशक घ्या. दोन-तीन चिमटी मिठाएवढं. ते या हजारही टँकरांत सारखं मिसळा.

जे पाणी तयार झालं, ती युरोपातल्या नियमानुसार पिण्याच्या पाण्याची शेवटची हद्द. जवळपास कुठल्याही एका कीटकनाशकाला तिथं एवढीच मुभा आहे. हजार टँकरांत एक ग्रॅमऐवजी सव्वा ग्रॅम पडलं की पाणी नापास!

इतकं बारीक मोजता येतं, हेच आधी थक्क करणारं आहे. पण आज मला सांगायचंय ते वेगळ्याच एका यंत्राबद्दल. प्रयोगशाळेतलं यंत्र बाटलीत काय आहे ते सांगेल. बाटली भरणाऱ्या कंपनीला समोर बसवून ‘हे आत आलं कुठून? तुम्ही तपासता का? तपासलं असेल तर कागद दाखवा’ असं कोण विचारणार? तुम्ही-आम्ही विचारायला गेलो तर फोनवर गाणं ऐकू येतं आणि ‘आपका कॉल हमारे लिए महत्त्वपूर्ण है’. पोलिसांना विचारण्याआधी गुन्हा लागतो, न्यायालयाला याचिका लागते. मग उरतं कोण?

२००३ साली उरले ते पंधरा खासदार.

त्या वर्षी ५ ऑगस्टला दिल्लीत सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेनं एक अहवाल जाहीर केला. सुनीता नारायण या संस्थेच्या प्रमुख. बाजारात मिळणाऱ्या १२ ब्रँडच्या थंड पेयांच्या बाटल्या संस्थेनं आपल्या प्रयोगशाळेत तपासल्या होत्या. लिंडेन, डीडीटी, मॅलॅथिऑन, क्लोरपायरिफॉस अशी नावं बाहेर आली. शेतकऱ्याला तोंडपाठ असलेली नावं, पण ती फवारणी पंपाच्या शेजारी, फ्रिजमध्ये नव्हे. सगळी कीटकनाशकं मिळून युरोपात जेवढी चालतात, त्याच्या सरासरी ३६ पट पेप्सीच्या पेयांत आणि ३० पट कोका-कोलाच्या पेयांत आढळली, असं संस्थेचं म्हणणं होतं.

पुढचं दृश्य जाहिरात कंपनीलाही सुचलं नसतं. एकमेकींना टोमणे मारणाऱ्या जाहिराती करण्यात ज्यांची हयात गेली, त्या दोन्ही कंपन्यांचे प्रमुख एकाच पत्रकार परिषदेत शेजारी शेजारी बसले. आमची पेयं सुरक्षित आहेत, अहवाल चुकीचा आहे, असं दोघांनी एका सुरात सांगितलं. संसदेच्या उपाहारगृहातून मात्र ही पेयं लगोलग हटवली गेली. खासदारांनी प्रश्न विचारायला सुरुवात करण्याआधी आपला ग्लास तेवढा बाजूला सारला, असं म्हणायला हरकत नाही.

आता खरी गंमत सुरू होते. सरकारनं स्वतःच्या वतीनं म्हैसूर आणि कोलकात्याच्या प्रयोगशाळांकडून तपासणी करून घेतली. २१ ऑगस्टला आरोग्यमंत्री सुषमा स्वराज यांनी संसदेत निकाल सांगितला. १२ पैकी ९ नमुने युरोपच्या मर्यादेत बसत नव्हते. मात्र देशात त्या वेळी लागू असलेल्या नियमांनुसार पेयं सुरक्षित होती. म्हणजे संस्था खरी, की कंपन्या खऱ्या?

दोघंही! फरक फूटपट्टीचा होता. आणि आपली फूटपट्टी कशी होती ते ऐका. बाटलीबंद पाण्यासाठी तोवरचा भारतीय नियम काही आकडा सांगतच नव्हता. कीटकनाशकांचा अंश ‘आढळण्याच्या पातळीखाली’ असावा, एवढंच त्यात होतं. ऐकायला किती कडक! पण आढळणार कशानं? नियमात तपासणीची जी पद्धत दिली होती, तिची नजरच अधू. चष्मा काढून तांदूळ निवडायला बसायचं आणि एकही खडा दिसला नाही म्हणून ताट चुलीकडे सरकवायचं, तसा प्रकार. बाटलीबंद पाण्याचा हा नियम त्याच वर्षी बदलण्यात आला आणि १ जानेवारी २००४ पासून त्यात आकडे आले. थंड पेयांना, म्हणजे बाटलीत भरलेल्या तयार मालाला, कीटकनाशकांची मर्यादा लावणारा आकडा मात्र नव्हताच. पेपर होता, विद्यार्थी होता, पास व्हायला किती गुण हवेत हे कुणी ठरवलंच नव्हतं.

मंत्र्यांच्या निवेदनानंतर दुसऱ्याच दिवशी, २२ ऑगस्टला, संयुक्त संसदीय समिती नेमली गेली. अध्यक्ष शरद पवार. लोकसभेचे १० आणि राज्यसभेचे ५ सदस्य. स्वातंत्र्यानंतर अशी चौकशी समिती बसण्याची ही केवळ चौथी वेळ. पहिली बोफोर्सच्या तोफांसाठी, दुसरी हर्षद मेहतानं बँकांच्या पैशांवर मुंबईच्या शेअर बाजारात जे केलं त्यासाठी, तिसरी २००१ मध्ये बाजार पुन्हा कोसळला तेव्हा. आणि चौथी? काही रुपयांत मिळणाऱ्या थंड बाटलीसाठी!

समितीपुढे प्रश्न दोनच होते. संस्थेचे निष्कर्ष बरोबर आहेत की नाहीत? आणि ज्या पेयांत मुख्य घटक पाणी आहे, त्यांच्यासाठी सुरक्षिततेची मानकं कशाच्या आधारावर ठरवावीत? दोन ओळींचं काम. पण ते करायला या पंधरा जणांच्या हाती काय होतं ते पाहिलंत तर तुम्ही चकित व्हाल.

लोकसभेच्या कामकाज नियमांत २७० क्रमांकाचा एक नियम आहे. समितीला माणसं, कागद आणि दप्तर मागवण्याचा अधिकार देणारा. हा कागद किंवा ही साक्ष कामाची आहे की नाही, असा वाद निघाला तर तो अध्यक्षांकडे जातो. म्हणजे लोकसभेच्या अध्यक्षांकडे, आणि त्यांचा शब्द अखेरचा. या नियमाला आणखी एक पुरवणी आहे. एखादा दस्तऐवज उघड करणं राष्ट्राच्या सुरक्षिततेला किंवा हिताला बाधक ठरेल, असं सांगून तो देण्यास नकार देता येतो. पण कुणाला?

फक्त सरकारला.

पुन्हा वाचा. मंत्रालय ‘देत नाही’ म्हणू शकतं. बिस्किटं, बूट किंवा थंड पेयं बनवणारी कंपनी म्हणू शकत नाही. संसद आहे सरकारवर लक्ष ठेवायला, असं आपण शाळेत नागरिकशास्त्रात शिकलो. आणि पळवाट ठेवली आहे ती सरकारसाठी. खासगी कंपनीसाठी नाही! व्यापारी गुपित नावाचा अपवादसुद्धा त्या नियमात नाही. ज्या पेयाची कृती तिजोरीत ठेवली जाते अशी ख्याती आहे, त्याच्याबद्दलही समिती विचारू शकते. ती कृती चौकशीच्या कामाची आहे एवढं फक्त ठरलं पाहिजे. विचारलं जातंच असं नाही. पण विचारता येतं, हे समोरच्याला ठाऊक असतं, आणि त्यातच अर्धं काम होऊन जातं.

प्रत्यक्ष खोलीत काय घडतं? समित्यांच्या बैठका बंद दाराआड होतात. गोलाकार मांडलेली टेबलं, मधोमध अध्यक्ष, दोन्ही बाजूंना सदस्य, समोर साक्षीदार. कॅमेरा नाही, पत्रकार नाही. प्रत्येक शब्द टिपणारे लघुलेखक मात्र असतात. साक्ष सुरू होण्याआधी अध्यक्ष साक्षीदाराला एक सूचना वाचून दाखवतात. तुमची साक्ष सार्वजनिक मानली जाईल आणि प्रसिद्ध होऊ शकेल. तिचा काही भाग गोपनीय ठेवावा असं वाटत असेल तर तसं सांगा. मात्र तसं सांगितलंत तरी ती संसद सदस्यांना उपलब्ध होऊ शकते, हे ध्यानात ठेवा. मराठीत सांगायचं तर, कानात सांगितलंत तरी चालेल, फक्त या घरात पावणेआठशेच्या वर कान आहेत!

हवं तर समिती शपथही देऊ शकते. वकील सोबत आणायचा झाला तर समितीची परवानगी लागते. न्यायालयात मोठ्या कंपनीचं तोंड म्हणजे तिचा वकील. इथं तोंड कंपनीला स्वतःचं उघडावं लागतं.

आणि खरी मेख तोंडी प्रश्नोत्तरांत नसतेच. आधी प्रश्नावली जाते, तिची लेखी उत्तरं येतात. मग तोंडी साक्ष. त्यात एखादा प्रश्न अडला की साक्षीदार हमखास म्हणतो, ‘माहिती घेऊन कळवतो.’ अध्यक्ष म्हणतात, ‘जरूर. लेखी कळवा.’ संपलं! आता आधीचं लेखी उत्तर, तोंडी बोललेलं आणि नंतरचं लेखी उत्तर, असे तीन कागद एकमेकांशेजारी ठेवले जातात. टिपलेली साक्ष दुरुस्तीसाठी साक्षीदाराकडे जाते, पण दुरुस्ती म्हणजे शुद्धलेखन आणि ऐकण्यातली चूक. काल बोललेलं आज मागं घेता येत नाही. घरात लग्नाच्या खर्चाचा हिशेब आजी ज्या पद्धतीनं काढते, तीच ही पद्धत. तेच तीनदा विचारायचं, तीन वेगळ्या वेळी, आणि कुठला आकडा हलतो ते बघायचं.

तरी मनात प्रश्न राहतोच. समजा कंपनी आलीच नाही तर?

इथं येतो तो शब्द, जो मराठी वर्तमानपत्रं वाचणाऱ्याला वेगळा सांगायला नको: हक्कभंग. बोलावूनही न येणं, कागद दडवणं, खोटी साक्ष देणं हा सभागृहाच्या विशेषाधिकाराचा भंग ठरू शकतो. सभागृह स्वतःच न्यायाधीश होऊ शकतं. मुंबईच्या ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाचे संपादक रुसी करंजिया यांना १९६१ मध्ये लोकसभेत बोलावून, सभागृहाच्या उंबरठ्यावरच्या कठड्यापाशी उभं करून समज देण्यात आली होती. प्रकरण समितीचं नव्हतं, एका खासदारावरच्या मजकुराचं होतं. पण हात किती लांब पोहोचतो ते त्या दिवशी देशानं पाहिलं.

एवढा लांब हात असूनही तो क्वचितच उगारला जातो. फेब्रुवारी २०१९ मध्ये माहिती-तंत्रज्ञानाच्या स्थायी समितीनं ट्विटरच्या प्रमुखाला बोलावलं. समितीचे अध्यक्ष होते अनुराग ठाकूर. कंपनी म्हणाली, वेळ फारच कमी दिलात. ११ तारखेला कंपनीचे भारतातले प्रतिनिधी हजर झाले, तर समितीनं त्यांना आत घेतलंच नाही. यायचं तर वरिष्ठांनीच यावं. शेवटी २५ तारखेला कॉलिन क्रॉवेल हे कंपनीचे उपाध्यक्ष आले. ज्यांना बोलावलं होतं ते प्रमुख जॅक डॉर्सी आले नाहीत ते नाहीतच. पुढच्या वर्षी वैयक्तिक विदा संरक्षण विधेयकावरच्या संयुक्त समितीपुढे यायला अ‍ॅमेझॉननं आधी नकार दिला. समितीच्या अध्यक्ष मीनाक्षी लेखी यांनी हक्कभंगाचा शब्द उच्चारला आणि काही दिवसांतच कंपनीचे लोक समितीच्या दारात हजर! दंड नाही, अटक नाही, एका शब्दावर काम भागलं.

बरं, येऊन गप्प बसलं तर? हाही प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, संसदेच्या नव्हे तर दिल्ली विधानसभेच्या एका समितीच्या निमित्तानं. दिल्लीतल्या दंगलीसंदर्भात समितीनं फेसबुकच्या भारतातल्या प्रमुखांना बोलावलं होतं. त्यांचं म्हणणं, मी सभागृहाचा सदस्य नाही, मला बोलावणारे तुम्ही कोण? ८ जुलै २०२१ रोजी न्यायालयानं सांगितलं की सदस्य नसलेल्यालाही बोलावता येतं. मात्र समितीनं आपल्या कुंपणात राहावं. जो विषय त्या विधानसभेच्या अखत्यारीतच नाही, त्यावरच्या प्रश्नाला साक्षीदार उत्तर नाकारू शकतो. म्हणजे यावं लागतंच. विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं असं मात्र नाही.

हे सगळं आपण उचललं ते लंडनवरून. आपल्या राज्यघटनेच्या १०५व्या अनुच्छेदात सुरुवातीला चक्क लिहिलं होतं की संसदेचे विशेषाधिकार ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्ससारखेच असतील. ते नाव नंतर घटनादुरुस्तीनं काढलं गेलं. पण आई एक असली तरी मुलं वेगळी निघतात. ब्रिटनमध्ये अशा साक्षी दूरचित्रवाणीवर थेट दिसतात. १९ जुलै २०११ रोजी जगातला सर्वांत बलाढ्य वृत्तपत्रमालक रूपर्ट मर्डोक तिथल्या समितीपुढे बसला होता. फोन चोरून ऐकल्याचं प्रकरण होतं. आजचा दिवस माझ्या आयुष्यातला सर्वांत मान खाली घालायला लावणारा आहे, असं तो म्हणाला. नंतर त्याच बैठकीत प्रेक्षकांतून एक जण फेसानं भरलेली थाळी घेऊन त्याच्या अंगावर धावला आणि मर्डोकच्या बायकोनं उठून त्या इसमाला चपराक हाणली. सगळं जगानं पाहिलं.

आपल्याकडे असं काही दिसत नाही आणि पुष्कळांना ते खटकतं. लोकांच्या नावानं चाललेली चौकशी लोकांपासून लपवायची का? मला स्वतःला बंद दाराचं महत्त्व जास्त वाटतं, आणि कारण अगदी साधं आहे. कॅमेरा आला की खासदार प्रश्न विचारत नाही, भाषण करतो. दार बंद असलं की त्याला टाळीची गरज उरत नाही. समितीत पक्षाचा व्हिप चालत नाही. सभागृहात ज्याच्या नावानं शंख केला, त्याच्याच शेजारी बसून, ‘या तक्त्यातला तिसरा रकाना बघितलात का?’ असं विचारलं जातं. हे नेहमी घडतं असं नाही. २०११ मध्ये टूजी प्रकरणी लोकलेखा समितीनं रतन टाटा आणि अनिल अंबानी यांना साक्षीसाठी बोलावलं. दोघंही आले. देशातले दोन बडे उद्योगपती मुरली मनोहर जोशींच्या अध्यक्षतेखालच्या टेबलासमोर बसले. साक्षी पार पडल्या, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस अहवालाच्या मसुद्यावरून समितीतच उभी फूट पडली. एका बाजूनं मसुदा फेटाळलासुद्धा. उद्योगपतींना बोलतं करणं सोपं गेलं, खासदारांचं आपसांत जमणं अवघड गेलं!

थंड पेयांच्या समितीचं तसं झालं नाही. १७ बैठका झाल्या. संस्था आली, कंपन्या आल्या, सरकारी खाती आली, शास्त्रज्ञ आले. आणि ४ फेब्रुवारी २००४ रोजी अहवाल संसदेपुढे ठेवला गेला.

त्यातलं एक वाक्य मला फार आवडतं. बाहेर देशभर आरडाओरडा चालू होता, ‘विष’ असा शब्द मथळ्यांत नाचत होता. समितीनं काय लिहावं? संस्थेनं तपासलेल्या १२ ब्रँडच्या प्रत्येकी तीन नमुन्यांपुरते, कीटकनाशकांचे अंश असल्याचे तिचे निष्कर्ष बरोबर आहेत. बस्स. देशातली प्रत्येक बाटली अशीच आहे, असं नाही म्हटलं. पेय विषारी आहे, असंही नाही. जेवढ्या बाटल्या उघडल्या, तेवढ्यांबद्दलच बोलायचं. बारा गुणिले तीन, छत्तीस बाटल्या. हयातभर व्यासपीठावरून बोलणाऱ्या पंधरा माणसांनी प्रयोगशाळेतल्या माणसासारखं वाक्य लिहिलं होतं. मला हे हजार टँकरांतला ग्रॅम सापडण्याइतकंच नवलाचं वाटतं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही तसंच सरळ. नुसतं आत जाणारं पाणी तपासून भागणार नाही, कारण पेयात साखर असते, इतर घटक असतात, आणि कीटकनाशकाला कुठलंही दार चालतं. तेव्हा तयार मालासाठी, म्हणजे तुमच्या हातात येणाऱ्या बाटलीसाठी, मर्यादेचा आकडा ठरवा. आणि अन्नाविषयीचे इकडे-तिकडे विखुरलेले कायदे एकत्र करून एकच देखरेख यंत्रणा उभी करा.

पण हे सांगणं कुणाला? कंपन्यांना? नाही! समिती कंपनीला एक रुपयाचा दंड करू शकत नाही, कारखान्याला टाळं लावू शकत नाही. तिच्या अहवालातल्या शिफारशी जातात सरकारकडे आणि उत्तर द्यावं लागतं सरकारला: हे मान्य, हे अमान्य, यावर अमुक कारवाई केली. लेकी बोले सुने लागे, ही म्हण ज्यानं रचली त्याला संसदीय समितीचं काम न शिकवताच कळलं असतं. प्रश्न विचारले कंपनीला, कान टोचले सरकारचे. आणि तेच बरोबर होतं. चष्मा काढून तांदूळ निवडणारा नियम कंपनीनं थोडाच केला होता?

मग पुढं काय झालं? अहवाल मांडल्यानंतर अवघ्या दोन दिवसांनी, ६ फेब्रुवारीला, लोकसभाच बरखास्त झाली. निवडणुका झाल्या, सरकार बदललं. नव्या मंत्रिमंडळात शेती, अन्न आणि ग्राहक व्यवहार ही खाती कुणाकडे आली? शरद पवारांकडे. भारतीय मानक ब्यूरो ग्राहक व्यवहार मंत्रालयाच्याच अखत्यारीत. ज्यांनी शिफारस केली, तिच्या अंमलबजावणीचा कागद फिरून त्यांच्याच टेबलाच्या दिशेनं निघाला! कादंबरीत असं लिहिलं असतं तर संपादकानं ‘योगायोग फार झाला’ असा शेरा मारून परत पाठवलं असतं.

कागदाची चाल मात्र कागदाचीच. त्याच वर्षी छत्तीसगडमधल्या काही शेतकऱ्यांनी पिकावर कोला फवारायला सुरुवात केल्याच्या बातम्या आल्या. औषधापेक्षा स्वस्त पडतं म्हणे. साखरेला मुंग्या येतात आणि त्या अळ्या फस्त करतात, असा खुलासा कुणी केला, तर कुणी सगळंच हसण्यावारी नेलं. मानकांवरच्या बैठका चालूच होत्या. ऑगस्ट २००६ मध्ये सुनीता नारायण यांच्या संस्थेनं १२ राज्यांतून ११ ब्रँडचे ५७ नमुने गोळा करून पुन्हा तपासणी केली. मानक ब्यूरोनं तोवर तयार केलेल्या पण लागू न झालेल्या मर्यादेच्या सरासरी २४ पट अंश सापडले. तीन वर्षं, एक संयुक्त समिती, १७ बैठका, आणि आकडा अजून मसुद्यातच. मला विचाराल तर दोष प्रश्न विचारणाऱ्यांचा नव्हता. प्रश्न विचारून झाल्यावर पाठपुरावा करायला ती समितीच उरली नव्हती. खास नेमलेली संयुक्त समिती काम संपलं की विसर्जित होते, गणपतीसारखी. कायम बसणाऱ्या स्थायी समित्या असतात त्या याचसाठी. १९९३ मध्ये त्या १७ होत्या, आता २४ आहेत, प्रत्येकीत ३१ सदस्य, आणि मंत्र्याला त्यांत प्रवेश नाही.

दुसरी शिफारस मात्र मार्गी लागली. ऑगस्ट २००६ मध्येच अन्न सुरक्षा आणि मानके कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. सगळे अन्नकायदे एकत्र आणण्याची गरज या संयुक्त समितीनं मांडली होती, हा उल्लेख त्या विधेयकाच्या उद्देशांतच आहे. त्या कायद्यातून एफएसएसएआय हे प्राधिकरण उभं राहिलं आणि त्याचे नियम देशभर लागू झाले ५ ऑगस्ट २०११ रोजी. तारीख ओळखीची वाटली? सुनीता नारायण यांच्या संस्थेच्या त्या पहिल्या अहवालाला त्या दिवशी बरोबर आठ वर्षं झाली होती. कुणी मुद्दाम साधली असेल असं वाटत नाही.

आता उठा आणि स्वयंपाकघरातलं कुठलंही पाकीट हातात घ्या. चिवडा, चहा, लोणचं, थंड पेय, काहीही चालेल. मागची बाजू बघा. बारीक अक्षरांत एफएसएसएआयचं चिन्ह आणि त्याखाली परवान्याचा एक आकडा दिसेल. मोजा, चौदा अंकी आहे.